गोधड्या सगळ्या खपल्या, मग पैसे गेले कुठे? प्रदर्शनाला निघण्याआधी बचत गटांनी करायचा हिशेब

दिवाळी झाली की प्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 'महालक्ष्मी सरस' भरतं. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या ठिकाणीही बचत गटांची लहान-मोठी प्रदर्शनं होत असतात. गावातल्या बायका गोधड्या, दुपटी, पिशव्या पोत्यात भरून निघतात. परत येताना पोती रिकामी असतात आणि गल्ल्यात चाळीस-पंचेचाळीस हजार जमलेले असतात. गावात चर्चा होते, "लई धंदा झाला म्हणं!"

पुढे महिनाभरानं गटाच्या बैठकीत वाटणी होते. कापडवाल्याची उधारी, टेम्पोचं भाडं, गटातून उचललेलं कर्ज वजा केलं की एकेकीच्या हातात हजार-बाराशे रुपये येतात. मग कुजबुज सुरू होते. प्रदर्शनाला कोण गेलं होतं, पैसे कोणाकडे होते, जेवणावर किती उडवले, असे प्रश्न निघतात. बहुतेक वेळा पैसे कोणी खाल्लेले नसतात. गोधडीचा भावच चुकीचा लागलेला असतो, आणि तो चुकलेला असतो गाव सोडायच्या आधीच.

माण-खटावकडे जिला वाकळ म्हणतात, त्याच गोधडीचं उदाहरण इथे घेतलं आहे. बांबूच्या टोपल्या, लोकरीच्या घोंगड्या, मातीची भांडी, मण्यांचे दागिने यांनाही हाच हिशेब लागू पडतो. गोधडीची अडचण मात्र जरा जास्तच आहे, कारण ती आपण कधी विकण्यासाठी शिवलीच नाही. लेकीला दिली, नातवाला दिली, पाहुण्यांसाठी घडी करून ठेवली. त्यामुळे "कितीला?" असं कोणी विचारलं की तोंडातून येईल तो आकडा सांगितला जातो.

एका गोधडीला खरा खर्च किती?

पाच बाय सात फुटांची, हातानं धावदोरा घातलेली गोधडी घेऊ. पुढचे आकडे उदाहरणासाठी आहेत. प्रत्येक गटानं आपल्या बाजारातले दर घालून ते बदलावेत.

खालच्या बाजूला साडेचार मीटर नवं सुती कापड, मीटरला 80 रुपये धरले तर 360 रुपये. वरच्या ठिगळांसाठी शिंप्याकडची कातरण, 100 रुपये. आत घालायला जुन्या तीन साड्या, 50 रुपये दरानं 150. दोरा 60. धुणं, भावाची चिठ्ठी आणि द्यायची पिशवी मिळून 50. हे झाले 720 रुपये. साड्या घरच्याच असल्या तरी त्यांचे पैसे धरायचे. आज घरात आहेत, पुढच्या दहा गोधड्यांना त्या पुरणार नाहीत.

बहुतेक गट इथेच थांबतात. 720 ला पडली आणि 1,500 ला विकली म्हणजे दुप्पट झाले, असं वाटतं.

आता हाताचं काम धरू. जवळ-जवळ टाके असलेली अशी गोधडी पुरी व्हायला 40 तास लागतात असं समजू, म्हणजे आठ तासांचे पाच दिवस. 2025-26 साठी रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातला दर दिवसाला 312 रुपये होता. माती उचलायला जो दर मिळतो, निदान तेवढा तरी टाका घालणाऱ्या हाताला मिळायला हवा. पाच दिवसांचे 1,560 रुपये होतात. आधीचे 720 मिळवले की गोधडी 2,280 ला पडते. अजून ती गावातच आहे, प्रदर्शनाला पोहोचलेली नाही.

दहा दिवसांच्या प्रदर्शनाला दोघी गेल्या, तर जाण्या-येण्याचं आणि सामानाचं भाडं 4,000, दोघींचं चहा-जेवण दिवसाला 400 प्रमाणे 4,000, मांडणीचं साहित्य 2,000, हमाली आणि वरखर्च 2,000, असे 12,000 रुपये सहज जातात. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण साठ-सत्तर किलोच्या पोत्यांना ती सवलत नाही. शिवाय त्या दोघी दहा दिवस घर, शेत आणि मजुरी सोडून बसतात. त्यांचे 20 दिवस 312 नं 6,240 रुपयांचे होतात. प्रदर्शनाचा एकूण बोजा 18,240 रुपये. तीस गोधड्या नेल्या असतील तर प्रत्येकीवर 608 रुपये चढतात.

म्हणजे 2,280 अधिक 608, साधारण 2,900 रुपये. यात नफा एक रुपयाही नाही. सगळ्यांची मजुरी तेवढी निघते.

आता तीच गोधडी 1,500 ला विकली तर काय होतं ते बघा. तीस गोधड्यांचे 45,000 गल्ल्यात आले. कापड-दोऱ्याचे 21,600 आणि प्रवास-जेवणाचे 12,000 गेले. उरले 11,400. शिवणकामाचे दिवस 150 आणि स्टॉलवर बसण्याचे 20, असे 170 दिवस. भागाकार केला की दिवसाला 67 रुपये पडतात. रानात खुरपायला गेलेली बाई याहून किती तरी जास्त घेऊन येते.

भांडवलासाठी गटातून कर्ज उचललं असेल तर त्याचं व्याज अजून धरलेलंच नाही. 33,600 रुपये तीन महिने, महिना शेकडा एक दरानं, म्हणजे आणखी हजार रुपये गेले.

पण 2,900 ला घेणार कोण?

हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. प्रत्येक गिऱ्हाईक 2,900 देणार नाही. शेजारच्या स्टॉलवर छापील कापडाची जयपुरी रजई याच्यापेक्षा स्वस्तात मिळत असते आणि दिसायलाही देखणी असते. त्या रजईशी भावात झुंजायला गेलं की आपलं दिवाळं निघालंच.

त्यापेक्षा खर्चाचा बोजा वाटून टाकावा. लहान बाळाचं दुपटं घ्या. त्याला कापड-दोरा 120 रुपयांचा आणि काम सहा तासांचं, तासाला 39 रुपये धरून 234. एकूण 354. ते 500 ला विकलं तर 146 रुपये वर राहतात. अशी 40 दुपटी खपली तर 5,840 रुपये जमतात आणि प्रदर्शनाच्या 18,240 मधून तेवढे कमी होतात. गोधडीवर 608 ऐवजी 413 च चढतात, मग ती 2,700 ला परवडते.

दुपट्याचा आणखी एक उपयोग आहे. गोधडी बघून "नंतर येते" म्हणणारी बाई बहुतेक वेळा परत येत नाही. समोर 500 चं दुपटं असलं तर बहिणीच्या बाळासाठी तेवढं घेऊन जाते, आणि पिशवीतल्या चिठ्ठीवरचा फोन नंबरही तिच्या घरी जातो. त्याहून लहान वस्तू, शंभर-दीडशेची पिशवी किंवा गरम भांडं धरायचं जाड फडकं, हीसुद्धा ठेवावी. सगळ्याच वस्तू स्वस्त ठेवू नयेत मात्र. एखादी खूप बारीक टाक्यांची, साडेचार-पाच हजारांची गोधडी मुद्दाम मधोमध टांगावी. ती विकली जाईल न जाईल, पण तिच्याशेजारी 2,700 ची गोधडी महाग वाटत नाही.

तीस गोधड्या आणि चाळीस दुपटी दहा बायकांनी करायची म्हटली, तर रोज अडीच तास बसून दोन महिने लागतात. म्हणजे डिसेंबरच्या प्रदर्शनाचं काम दसऱ्याच्या आसपास सुरू व्हायला हवं. नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी असते, सुगीला बाई सापडत नाही. म्हणून ठिगळं कापणं, जोडणं ही कामं श्रावण-भाद्रपदात उरकलेली बरी. पावसात धुतलेलं वाळत नाही, पण कापायला-जोडायला ऊन लागत नाही.

"जुन्या कपड्यांची आहे का हो मावशी?"

शहरातल्या गिऱ्हाइकाचा हा पहिला प्रश्न असतो आणि इथेच बऱ्याच जणी गडबडतात. कोणी "नाही नाही, सगळं नवंच आहे" म्हणते, कोणी खाली बघते. दोन्ही नको. खोटं बोललं तर धुतल्यावर एखादा टाका उसवतो, आतली साडी दिसते आणि पुढच्या वर्षी ते गिऱ्हाईक चार जणींना सांगतं.

सरळ सांगावं, "ताई, आत जुन्या सुती साड्या आहेत, दोनदा धुऊन उन्हात वाळवल्यात. गोधडी मऊ लागते ती त्यामुळंच. नव्या कापडाची कडक लागते. वरचं आणि खालचं कापड नवं आहे." एवढं ऐकल्यावर हात फिरवून बघणारं गिऱ्हाईक घ्यायच्या तयारीचं असतं. जुन्या साड्यांचे थर आणि त्यावर धावदोरा, हीच बंगालची कांथा आणि हीच बिहारची सुजनी. त्या दोघींना भौगोलिक मानांकन मिळालंय आणि मोठ्या दुकानांतून त्या चढ्या भावानं विकल्या जातात. तिथे जुन्या साडीची लाज कोणी बाळगत नाही.

मात्र स्वच्छतेची खात्री खरी हवी. घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा ओढ्यावर नेऊन धुवायची रीत आपल्याकडे आहेच. विकायच्या मालाला तोच नियम लावायचा, फक्त साड्या शिवण्याआधी धुवायच्या आणि तयार गोधडीलाही कडक ऊन द्यायचं. पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास गिऱ्हाइकाला अजिबात चालत नाही, कडुनिंबाचा वाळलेला पाला बरा. धुराचा वास सगळ्यात वाईट. चुलीच्या खोलीत शिवायला बसलं की तो कापडात बसतो, आपल्याला जाणवत नाही, गिऱ्हाइकाला घडी उलगडताच कळतो.

रंग जातो का, हा दुसरा प्रश्न. पांढरा रुमाल ओला करून प्रत्येक नव्या कापडावर जोरात घासायचा. रुमालाला रंग लागला तर ते कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवून धुवायचं आणि पुन्हा घासून बघायचं. तरीही रंग सुटला तर ते गोधडीला वापरायचं नाही. गडद लाल आणि निळ्या कापडाकडे जास्त लक्ष द्यावं, शेजारची पांढरी ठिगळं तीच खराब करतात.

तिसरा प्रश्न मशीनचा. हातशिलाई ओळखायला गोधडी उलटी करून दाखवावी. मागच्या बाजूला टाके थोडे कमी-जास्त दिसतात, ओळ कुठे किंचित वाकते. तेच दाखवायचं असतं. मशीनवर शिवलेला माल ठेवला असेल तर तो वेगळा मांडावा आणि भावही वेगळा लावावा. दोन्ही एकाच ढिगात असले की हाताची गोधडी मशीनच्या भावात मागितली जाते.

मांडणी: घडीतली गोधडी कोणाला दिसत नाही

प्रदर्शनात लोक चालत-चालत बघतात. टेबलावर घड्यांची चवड असली तर ती चादरींच्या दुकानासारखी दिसते. दोन बांबू आणि एक आडवी काठी लावून निदान दोन गोधड्या पूर्ण उलगडून टांगाव्यात, तेही डोळ्यांच्या उंचीला. एक टेबलाच्या पुढच्या बाजूला सोडावी, म्हणजे येता-जाता हात लागतो. गोधडी हाताला लागल्याशिवाय विकली जात नाही.

जमलं तर स्टॉलवर बसून टाका घालत राहावं. लोक थांबतात, फोटो काढतात, लहान मुलांना दाखवतात. पण मान खाली घालून शिवतच राहिलं तर विक्री होत नाही, म्हणून दोघींपैकी एकीनं शिवावं आणि दुसरीनं बोलावं. बोलणारी कोण हे आधी ठरवावं. गटाची अध्यक्षच बोलायला हवी असं काही नाही. बाजारात भाजी विकलेली बाई हे काम जास्त चांगलं करते.

प्रत्येक नगावर भाव लिहिलेला असावा. भाव न विचारता निघून जाणारे लोक खूप असतात. विचारायची त्यांना भीड वाटते, महाग असलं तर नाही कसं म्हणायचं म्हणून. भावाच्या चिठ्ठीवर शिवणारीचं नाव, गाव, किती दिवस लागले आणि कशी धुवायची एवढं लिहिलं की पुरे. "पाच दिवसांची हातशिलाई" हे तीन शब्द बोलण्यापेक्षा जास्त काम करतात. चिठ्ठीवर एक नंबरही टाकावा, तो कशासाठी हे पुढे वाटणीत येईल.

घासाघीस आणि शेवटचा दिवस

"मावशी, दोन घेते, तीन हजारात द्या." असं म्हणणारं गिऱ्हाईक वाईट नसतं, आपणही बाजारात तेच करतो. पण उत्तर तिथल्या तिथे शोधायला लागलं की पाय घसरतो. म्हणून घरूनच दोन आकडे ठरवून निघावं. एक सांगायचा आणि एक तळाचा. वरच्या हिशेबात सांगायचा भाव 2,700, दोन घेतल्या तर 2,500 नं, आणि तळ 2,280. तळाच्या खाली गेलं की आपणच गिऱ्हाइकाला पैसे देऊन गोधडी पांघरायला दिल्यासारखं होतं. हा तळाचा आकडा दोघींना पाठ हवा आणि फोनवर गावातल्या कोणाला विचारायची गरज पडू नये.

भाव कमी करण्याऐवजी शंभर रुपयांची पिशवी भेट द्यावी, ते परवडतं. गिऱ्हाइकाचाही मान राहतो.

शेवटच्या दिवशी दुपारनंतर सगळ्या स्टॉलवर भाव पडतात. मुरलेली गिऱ्हाइकं त्याचीच वाट बघून संध्याकाळी येतात. भाजी संध्याकाळी सडते, गोधडी सडत नाही. चार नग परत आणायला फार खर्च येत नाही. पण एकदा 1,200 ला दिली की त्या शहरात आपल्या गोधडीचा भाव पुढच्या वर्षीही 1,200 च राहतो.

आईच्या साडीची गोधडी: न नेलेल्या मालाचा धंदा

स्टॉलवरच्या विक्रीपेक्षा कितीतरी जणींना जास्त फायदा देईल असं एक काम आहे, आणि त्याला भांडवल जवळजवळ लागत नाही. शहरातल्या घरोघरी आईच्या, आजीच्या साड्या कपाटात पडून असतात. नेसल्या जात नाहीत आणि टाकवतही नाहीत. त्यांची गोधडी करून देणारं कोणी भेटलं तर लोक आनंदानं पैसे देतात. त्यासाठी एक तयार नमुना स्टॉलवर टांगावा आणि ठळक अक्षरात लिहावं, "तुमच्या घरच्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल."

यात साड्या गिऱ्हाइकाच्या. आपला खर्च खालचं कापड 360, दोरा 60 आणि मजुरी 1,560, म्हणजे 1,980. पार्सलचे पैसे वेगळे ठेवून 2,400 सांगितले तरी महाग वाटत नाही, कारण इथे कोणी जयपुरी रजईशी तुलना करत नाही. निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत. मागायला संकोच करू नये, शिंपीही घेतो.

पण ही जोखमीची कामगिरी आहे. साडी एकदा कापली की परत जोडता येत नाही, आणि ती साडी गेलेल्या माणसाची असू शकते. म्हणून कापण्याआधी प्रत्येक साडीचा फोटो काढून गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवावा. काठ ठेवायचे का, पदर मधोमध हवा का हे विचारून उत्तर लेखी घ्यावं. सुती नऊवारी सगळ्यात चांगली, सुई सरसर चालते. नायलॉन आणि जॉर्जेट निसटतात, जर असलेला काठ अंगाला टोचतो. अशा साड्या असतील तर त्या आत न घालता वरच्या बाजूला थोड्याच वापराव्यात आणि तसं आधीच सांगावं. उरलेले तुकडे गोधडीबरोबर परत करावेत, फेकू नयेत.

तारीख देताना महिना लागत असेल तर दीड महिना सांगावा. दहा ऑर्डरी घेतल्या म्हणजे 50 दिवसांचं काम घेतलं, हे वहीत लिहिताना ध्यानात ठेवावं. नाहीतर लग्नसराईत फोन उचलायची चोरी होते.

पैसे घेताना

आता निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं फोननंच पैसे देतात असं धरून चालावं. क्यूआर कोड गटाच्या बँक खात्याचा असावा, एकीच्या घरच्या खात्याचा नको. भांडणाचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. पैसे आल्याचा आवाज देणारा डबा असला तर उत्तम. गर्दीत गिऱ्हाइकानं दाखवलेल्या फोनच्या पडद्यावर विश्वास ठेवू नये, खोटी पावती दाखवणारे असतात. आपल्या फोनवर मेसेज आला किंवा खात्यात दिसलं तरच पिशवी हातात द्यावी.

आणि हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवावं की पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कोणी "ताई, पैसे पाठवलेत, पिन टाका म्हणजे जमा होतील" म्हणालं की तो चोर आहे असं समजावं. मोठ्या मैदानात नेटवर्क जाम होतं, म्हणून हजार-दोन हजारांची सुट्टी रोकड जवळ ठेवावी.

कागदपत्रं थोडक्यात

उमेदच्या प्रदर्शनांसाठी गटाची निवड तालुका कक्षामार्फत होते, तेव्हा गावातल्या समूह संसाधन व्यक्तीकडे आधीच नाव सांगून ठेवावं. खासगी प्रदर्शनाला जायचं असेल तर स्टॉलचं भाडं किती, त्यात टेबल, वीज आणि राहण्याची सोय आहे का, पैसे भरल्यावर रद्द झालं तर परत मिळतात का, हे लेखी विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. दहा हजार भाडं असलं तर तेही वरच्या 18,240 मध्ये मिळवायचं आणि गोधडीचा भाव पुन्हा काढायचा. परवडत नसेल तर जायचं नाही.

17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात शिंपी, टोपल्या-चटया-झाडू करणारे, कुंभार, चांभार, खेळणी करणारे येतात. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत, आणि 5 टक्के व्याजानं आधी 1 लाख आणि ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. घरातल्या एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सामायिक सेवा केंद्रावर होते आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. भांडवलासाठी सावकाराकडे जाण्याआधी हे तपासावं.

परत आल्यावर वाटणी

भांडण होतं ते इथे. एकीची गोधडी 2,700 ला गेली, दुसरीची 2,300 ला, तिसरीची परत आली. मग कोणाला किती?

मालाला गावातच नंबर टाकलेले असले तर हे सोपं जातं. चिठ्ठीवरचा तोच नंबर वहीत लिहायचा आणि पुढे शिवणारीचं नाव, तास, कापडाचा खर्च, विकल्याची तारीख आणि भाव. रोज रात्री झोपायच्या आधी दोघींनी दिवसाची वही लिहून तिचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावा. दहाव्या दिवशी आकडे सांगायला गेलं की संशय येतो, रोज दिसत राहिले की येत नाही. दिवसाचं जेवण, रिक्षा, चहा हेही त्याच पानावर.

वाटणीचे दोन मार्ग आहेत. प्रत्येकीला तिच्याच गोधडीचे पैसे द्यायचे, किंवा सगळा गल्ला एकत्र करून तासांप्रमाणे वाटायचा. दुसरा मार्ग बरा पडतो, कारण कोणती गोधडी पुढे टांगली गेली आणि कोणती घडीतच राहिली यावर विक्री ठरते, त्यात शिवणारीचा दोष नसतो. मात्र टाके सैल घालणारी आणि बारीक घालणारी यांचे तास सारखे धरले की चांगलं काम करणारी पुढच्या वेळी हात आखडते. म्हणून नग जमा करतानाच दोघी-तिघींनी बघून तो पहिल्या प्रतीचा की दुसऱ्या हे ठरवावं आणि तासाचा दर थोडा वेगळा ठेवावा. स्टॉलवर बसलेल्या दोघींचे वीस दिवस सगळ्यात आधी वजा करावेत, नाहीतर पुढच्या वर्षी जायला कोणी तयार होत नाही. परत आलेल्या गोधड्या गटाच्या मालकीच्या धरून त्यांची मजुरीही शिवणारीला देऊन टाकावी, आणि त्या कडुनिंबाच्या पाल्यात ठेवून पुढच्या प्रदर्शनात पहिल्या टांगाव्यात.